गैरहजर वर्षं

बीरशेबा, ३ नोव्हेंबर २०२५

श्री. श्रीरंग धामणकर यांस,
केतुरा सापोर्ता हिचा शालोम आणि नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी माहेरची पेझारकर, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, रेवदंड्याची. मॅट्रिकपर्यंत मराठी शाळेत शिकले, बहात्तर साली इकडे इस्राएलला आले. ठाण्याच्या बहिणीने लखनौच्या मराठी मंडळींची स्मरणिका धाडली, तीत तुमचा लेख वाचला. चिनहटच्या कारखान्यात नोकरी करता करता, कुणा गुरूशिवाय, तुम्ही तुर्कांची जुनी लिपी शिकलात हे वाचून थक्क झाले. म्हणून हे धाडस.

माझे यजमान मोरिस अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. जन्म फ्रान्सचा, आईबाप तुर्कस्तानातले ज्यू, तुर्की नागरिक. लढाईत जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर त्यांनी तटस्थ देशांना मुदत दिली होती: तुमचे ज्यू तुम्ही घेऊन जा, नाहीतर आम्ही बाकीच्यांचं करतो तेच त्यांचंही करू. तुर्कस्तानने थोडे लोक नेले. पण त्यांचा कायदा असा, की परदेशात राहणाऱ्याने वकिलातीत नोंद करत राहायचं. सलग पाच वर्षं नोंद नसेल तर नागरिकत्व काढून घेता येतं. त्या सबबीवर किती जणांना दारातून परत पाठवलं त्याची गणती नाही. त्यांना शब्दही होता, 'अनियमित नागरिक'.

सासरे इसाक यांना अनियमित ठरवलं. खिडकीवरच्या माणसाने सासूबाईंना सांगितलं, "तुमचा नवरा पाच वर्षं इकडे फिरकलाच नाही." सासऱ्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपत घेतली, की मी दरवर्षी जातो, टोपी काढून रांगेत उभा राहतो. सासूबाईंना ते पटलं नाही. वकिलातीत जातो म्हणून गेलेला माणूस दरवेळी बडीशेपेच्या दारूचा वास घेऊन घरी यायचा. चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत सासऱ्यांना उचललं, तिथून छावणी, तिथून पूर्वेकडची गाडी. मोरिस सहा वर्षांचा, एका शेतकऱ्याकडे लपवलेला. पुढे सासूबाई मरेपर्यंत एकच वाक्य बोलत: "तुझ्या बापाला जर्मनांनी नाही मारलं, त्याच्या आळसाने मारलं. आणि मला विधवा केलं."

आमच्यात बाप गेला की मुलाने कद्दिश म्हणायचा असतो. ती मेलेल्यासाठीची प्रार्थना. मोरिसने बापासाठी ती आजवर म्हटलेली नाही. दुसरं कुणी म्हणणारंही नाही, हा एकुलता एक आणि आम्हाला मूलबाळ नाही.

आता सासूबाईंच्या पत्र्याच्या डब्यात वकिलातीने परत केलेला नोंदणीचा कागद सापडला आहे. त्यावर पेन्सिलीने जुन्या लिपीत काही खरडलं आहे. इथल्या विद्यापीठाने वाचून द्यायला तीन महिने सांगितले. डॉक्टरांनी मोरिसचे तीन आठवडे सांगितले आहेत. मोरिसला एवढंच हवंय: बाप जात होता, की नव्हता. जात होता असं निघालं तर खाटेवर बसून कद्दिश म्हणीन म्हणतो.

वाचून द्याल का?

केतुरा


निशातगंज, लखनौ, ५ नोव्हेंबर २०२५

सौ. केतुराताई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही हाताने लिहून फोटो पाठवलात हे बरं केलंत; मोबाइलवर टाइप केलेलं मराठी मी वाचत नाही, त्यात र्‍हस्व-दीर्घाचा मुडदा पडलेला असतो. तुमच्या पत्रात मात्र दोनच चुका आहेत. त्या पुढच्या वेळी दाखवीन.

काम करीन. मोबदला घेत नाही. पण माझ्या पद्धतीने.

एक. कागदाचा फोटो दिवसाउजेडी, सावली न पडता. दोन. पुढचीच बाजू पाठवा. अशा कागदांच्या मागे काही नसतं, नऊ वर्षांत मी पाहिलेलं नाही. हौशी लोक चाळीस-चाळीस फोटो पाठवतात आणि माझा रविवार खातात. तीन. कागदावर काय असावं असं तुम्हाला वाटतं ते मला सांगू नका. तपासणाऱ्याच्या कानात इच्छा सांगायची नसते.

मी आयटीआय झालेला माणूस. कारखान्यात तयार नग तपासायचं काम करतो. मापात केसाइतका फरक दिसला की लाल रंगाचा ठिपका लावतो. लाल लागलेला नग परत पास होत नाही, खुद्द मालक आला तरी. म्हणून माझ्या टेबलावरून गेलेला माल कधी परत आला नाही. मोठ्या पदव्यांचे लोक 'साधारणपणे' म्हणतात. माझ्या शब्दकोशात तो शब्द नाही.

आपला,
श्रीरंग धामणकर


बीरशेबा, ६ नोव्हेंबर २०२५

श्रीरंगभाऊ यांस शालोम.

पुढच्या बाजूचा फोटो जोडला आहे. खिडकीत धरून काढला.

तुम्ही सांगू नका म्हणालात, तरी एक राहवत नाही. पेन्सिलीच्या शेवटच्या ओळीत एक गोल आहे. मोरिसने चष्मा लावला, भिंग लावलं आणि म्हणाला, "हे शून्य आहे." फ्रेंचांचं काय, इथलं काय, आपल्या मराठीतलं काय, शून्य गोलच ना? तो सकाळपासून त्या गोलावर बोट ठेवून पडला आहे. नर्सलाही दाखवतो.

कद्दिशला दहा पुरुष लागतात. मी गल्लीतल्या आपल्या लोकांना सांगून ठेवलंय. आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मालिदाही बोलले आहे. तुम्हाला ठाऊक नसेल, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. आम्ही कोकणातून आणलेला नवस. काम झालं की करायचा.

तुमची बहीण समजा,
केतुरा


निशातगंज, ९ नोव्हेंबर २०२५

सौ. केतुराताई यांस,
सा. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी सहापासून कागदावर बसलो होतो, आता दुपारचे तीन. वाचन पूर्ण झालं आहे आणि मी त्यावर सही करायला तयार आहे.

पेन्सिलीचा मजकूर तीन ओळींचा. पहिल्या ओळीत नाव, इसाक सापोर्ता. दुसरीत फाइलचा क्रमांक, १९१. हे आकडे वाचायला अडचण नाही. एक आणि नऊ त्या लिपीत आणि युरोपच्या लिपीत जवळपास सारखेच लिहितात. तिसरी ओळ महत्त्वाची. दोन शब्द आणि एक आकडा. पहिला शब्द 'ग़ियाब', म्हणजे गैरहजेरी. दुसरा 'सने', म्हणजे आपलं सन, वर्ष. गैरहजर वर्षं. आणि पुढे तो गोल.

माझ्या मुलीने, पूर्वाने, माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि बोलून गेली, "पापा, ज़ीरो है। साफ़ तो दिख रहा है।" गोमती नगरच्या एसी ऑफिसात बसणाऱ्या पिढीचा हा आत्मविश्वास. मी तिला म्हटलं, जे साफ दिसतं तेच तपासायचं असतं. तुमच्या यजमानांचीही हीच गफलत झाली.

आता नीट समजून घ्या. त्या जुन्या लिपीत शून्य गोल नसतं. शून्य म्हणजे नुसता ठिपका. गोल म्हणजे पाच. आमच्या लखनौच्या उर्दूत पाचाचा आकडा उलट्या पिंपळपानासारखा काढतात, म्हणून इथला उर्दूवालासुद्धा त्या गोलापाशी फसेल. मी फसत नाही. ही गोष्ट मी कुणाकडून शिकलेलो नाही, स्वतः शेकडो कागद ताडून शिकलो आहे.

तेव्हा ओळ अशी: गैरहजर वर्षं, पाच.

याचा अर्थ खिडकीवरच्या माणसाने तुमच्या सासूबाईंना खरं तेच सांगितलं. कायदा निर्दय होता, मान्य. पण त्या कायद्याच्या मापात तुमचे सासरे बसत नव्हते. वकिलातीला क्रूर म्हणा, खोटं म्हणता येणार नाही.

'धाडस' बरोबर लिहिलंत. 'शपत' नव्हे, 'शपथ' हवं. दुसरी चूक किरकोळ आहे.

आपला,
श्रीरंग धामणकर


बीरशेबा, १२ नोव्हेंबर २०२५

श्रीरंगभाऊ,

तुमचं पत्र आलं तेव्हा घरात दहा माणसं होती.

चूक माझीच. तुमचं पत्र रविवारी येईल असं तुम्ही कुठेच म्हटलं नव्हतं, पण मोरिसला धीर नव्हता. तो म्हणाला, बोलाव सगळ्यांना, शून्यच आहे. मी पोहे भिजवले, खोबरं खवलं. दहाही जण डोक्यावर टोप्या घालून खाटेभोवती उभे. फोन वाजला. मी आधी वाचून घ्यायला हवं होतं. पण मोरिस म्हणाला, वाच, मोठ्याने वाच. मी एकेक ओळ मराठीतून हिब्रूत करत गेले. तुम्ही इतकं सावकाश लिहिता, की शेवट येईपर्यंत मला कळलंच नाही मी काय वाचतेय. "शून्य म्हणजे नुसता ठिपका" इथवर आले आणि मोरिसचा चेहरा पाहिला. थांबायला हवं होतं. तो म्हणाला, "पुढे."

पुढे वाचलं.

तो हसला. म्हणाला, "आई बरोबर होती." मग त्या दहा जणांना म्हणाला, "खाऊन जा, पोहे वाया नकोत." आणि ते खरंच बसून जेवले, भाऊ. काय करतील बिचारे. घास गिळताना कुणी मान वर केली नाही.

आमच्यात कबरीच्या दगडावर नावापुढे बापाचं नाव कोरतात, अमक्याचा मुलगा अमका. मोरिसने त्यांच्यासमोर सांगून ठेवलं, माझ्या दगडावर इसाकचं नाव घालायचं नाही. दहा साक्षीदार. कद्दिशसाठी बोलावले होते, ते याच्या कामी आले.

मी तुमच्या विद्येवर शंका घेत नाही. पण एकदा, फक्त एकदा परत बघा. तुम्ही नको म्हणालात तरी मागची बाजू जोडतेय. तिथेही पेन्सिलीचं लिखाण आहे, बहुतेक त्याच हाताचं, आणि शाईने एक शब्द. मला त्यातलं काही कळत नाही. मोरिस आता जेवत नाही. पाणी घेतो.

केतुरा


बीरशेबा, १६ नोव्हेंबर २०२५

श्रीरंगभाऊ,

मागच्या बाजूचा फोटो मिळाला का? मोठं पत्र नको. एक शब्द लिहा, पाच किंवा शून्य. मोरिस झोपेत फ्रेंच बोलतो. सहा वर्षांच्या पोरासारखं.

केतुरा


निशातगंज, १८ नोव्हेंबर २०२५

सौ. केतुराताई यांस,
सा. न. वि. वि.

आपली दिनांक १२ व १६ ची पत्रं पोचली. प्रकरण तपासणीत आहे. असल्या कामात घाई करून चालत नाही. दिलेला निर्णय बदलण्याजोगं कारण आढळल्यास कळवण्यात येईल. तोवर आधीचं वाचन कायम समजावं.

कारखान्यात सध्या ऑडिट चालू आहे, हेही ध्यानात घ्यावं.

आपला,
श्रीरंग धामणकर


निशातगंज, ३० नोव्हेंबर २०२५

सौ. केतुराताई यांस,
सा. न. वि. वि.

ऑडिट संपलं. काल, २९ तारखेला, आपण पाठवलेली मागची बाजू उघडून पाहिली. तीवरून माझ्या आधीच्या वाचनात एक दुरुस्ती संभवते. तपशील देतो.

मागे पेन्सिलीने, त्याच हाताने, जुन्या लिपीत लिहिलं आहे: "दरवर्षी हजर. कागद पूर्ण." खाली साल आहे, १९४३. आता यातले तीन आणि चार हे आकडे जुन्या लिपीतले नाहीत, सरळ युरोपचे आहेत. तुर्कस्तानने १९२८ साली लिपी बदलली. या कारकुनाने अक्षरं बालपणची ठेवली, पण आकडे मात्र नवे उचलले. असं मिश्रण करणारे लोक होते. पुढच्या बाजूवर एक, नऊ आणि गोल एवढेच आकडे आहेत, आणि त्यांतले एक-नऊ दोन्हीकडे सारखे असल्यामुळे तिथे हे ओळखायला जागाच नव्हती. कुठलाही जाणकार माझ्यासारखाच वाचता, किंबहुना अजाण माणूसच तिथे योगायोगाने बरोबर ठरता.

तेव्हा तो गोल म्हणजे शून्य. गैरहजर वर्षं, शून्य.

शाईतला शब्द वेगळ्या हाताचा आहे, वरच्या साहेबाचा असावा. नव्या, रोमन लिपीत तीन अक्षरं: रेड. पूर्वाला वाटलं इंग्रजीतला लाल. तसं नाही. हा आपला 'रद्द'. शब्द एकच, अरबीतून त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला.

म्हणजे असं झालं. खालच्या कारकुनाने फाइल तपासली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, की हा माणूस दरवर्षी येतो, कागद पुरे आहेत. वरच्याने तेच पाहून रद्द लिहिलं. मग खिडकीवरून तुमच्या सासूबाईंना सांगितलं, की तो आलाच नाही. पाच वर्षांची गोष्ट बाहेरच्यांसाठी होती. बायको नवऱ्याला दोष देत बसली, की वकिलातीच्या दारात पुन्हा कोण येतो? त्यांना ज्यू परत नको होते, इतकंच. आणि माणूस मात्र खरंच जात होता. दारू पीत असेल तर ती रांगेत उभं राहून आल्यावर.

ही दुरुस्ती मोरिसरावांना सविस्तर वाचून दाखवावी. दहा लोकांना पुन्हा बोलावता येईल. मालिद्याचा नवसही राहिलाच असेल, तोही होऊन जाईल.

पुढच्या बाजूच्या मर्यादेत माझं वाचन शास्त्राला धरूनच होतं, हे आपण समजून घ्याल.

आपला,
श्रीरंग धामणकर


बीरशेबा, २१ डिसेंबर २०२५

श्रीरंग धामणकर यांस,

तुमचं ३० तारखेचं पत्र मी त्याच दिवशी वाचलं. उत्तर मोरिसचे तीस दिवस झाल्यावर देते आहे. आमच्यात तीस दिवसांनी कबरीवर दगड बसवतात.

मोरिस २० नोव्हेंबरला सकाळी गेला. तुमचं "प्रकरण तपासणीत आहे" पोचून दोन दिवस झाले होते. तेही मी त्याला वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "हे वाक्य मला माहीत आहे. आईला त्यांनी हेच सांगितलं होतं." मग भिंतीकडे वळला.

तुमच्या मुलीने मला लिहिलं आहे. तुम्हाला ठाऊक नसेल. तिने मेल हिंदीत लिहिला, मला हिंदी येतं. लिहिते, "आंटी, पापा ने वो फ़ोटो तेरह को ही देख लिया था। मैंने कहा, आज ही लिख दीजिए। बोले, पहले मुझे पक्का करने दो। फिर रोज़ वही, रोज़ वही। मुझे माफ़ कर दीजिए।" तेराला पाहिलं. एकोणतीसला नव्हे. तुम्ही तारीख बदलून लिहिलीत, आणि तुम्ही तर माणसाला 'शपत' लिहू देत नाही. बाकी तेही काही अगदीच पहिल्यांदा झालेलं नाही, त्या खिडकीवरच्या माणसानेही वर्षं बदलूनच सांगितली होती.

तेरापासून वीसपर्यंत सात दिवस होतात. तुम्ही नेमके आहात म्हणून मोजून लिहिते. त्यातले पाच दिवस मोरिस शुद्धीवर होता. बोलू शकत होता. कद्दिशला दोन मिनिटंही लागत नाहीत, सावकाश म्हटला तरी. इसाकसाठी तो म्हणू शकणारा जगात एकच माणूस होता.

तुम्ही कशाची वाट पाहत होतात ते मला कळतं. तो जाण्याचीच, असं मी म्हणणार नाही. तुम्ही स्वतःशीही तसं म्हटलं नसेल. पण तो गेला असता तर दुरुस्तीचं पत्र लिहावंच लागलं नसतं, एवढं तुमच्या मनात कुठेतरी आलं असणार. वकिलातीतल्या त्या साहेबाच्याही आलं असेल.

दगड बसवायला त्या दहांतले सहा आले. मी त्यांना सगळं सांगितलं, शून्याचं. विचारलं, आता इसाकचं नाव घालता येईल का? म्हातारा बेंजामिन म्हणाला, "केतुराबाई, त्याने आमच्यासमोर नको म्हटलं. मेलेल्याचा शब्द कोण मोडणार?" मी म्हटलं, तो शब्द त्याचा नव्हता, लखनौच्या माणसाचा होता. बेंजामिन म्हणाला, "असेल. पण निघाला त्याच्या तोंडून."

तुम्हीच लिहिलं होतं, लाल लागलेला नग परत पास होत नाही, खुद्द मालक आला तरी.

पूर्वाला रागावू नका. तिने पहिल्या दिवशी पाहिलं तेच खरं होतं. तिची काही चूक नाही, फक्त ती कुणाची मुलगी आहे एवढंच, आणि ते तिच्या दगडावर यायचं तेव्हा येईल.

दगडावर मोरिसचं नाव आहे, जन्म आणि मरण आहे. मधली ओळ कोरी आहे. आमच्यात कबरीवर फूल ठेवत नाहीत, खडा ठेवतात. मी एक खडा शोधून त्या कोऱ्या ओळीवर, बापाचं नाव यायचं त्या जागी ठेवला. वाटोळा आहे. दिवसाउजेडी, सावली न पडता फोटो काढून जोडला आहे. पुढचीच बाजू आहे.

काय आहे ते वाचून कळवा.

केतुरा सापोर्ता